रिपोर्ट कपाटात, साखर रक्तात

तेहेतीस वर्षे मी बार्शीच्या एका शाळेत गणित शिकवले. सहामाहीचे तपासलेले पेपर मुलांच्या हातात दिले, की मी बजावत असे, "नुसते गुण पाहू नका, कुठे चुकले ते पाहा." प्रगतिपुस्तकावर पालकांची सही न आणणाऱ्या मुलाला मी वर्गाबाहेर उभे करीत असे. आणि हाच मास्तर स्वतःच्या रक्ताचे रिपोर्ट दहा वर्षे उघडूनही न बघता डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून घरी येत होता! सांगायला संकोच वाटतो. पण डाव्या डोळ्याने आज मला वर्तमानपत्राचा मजकूर धड वाचता येत नाही, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे.

मला मधुमेह असल्याचे २००९ साली कळले. तेव्हा मी ५२ वर्षांचा होतो. गावात एक मोफत तपासणी शिबिर होते, सहकारी शिक्षकांबरोबर सहज म्हणून गेलो. उपाशीपोटी साखर १६८ निघाली. मला ते खरेच वाटेना. वजन ५८ किलो, रोज सायकलने शाळेत जाणारा माणूस मी. मधुमेह हा पोट सुटलेल्या व्यापाऱ्यांचा आजार, अशी माझी ठाम समजूत. घराण्यातही कोणाला नव्हता. (वडिलांची साखर कधी कोणी तपासलीच नव्हती, हे नंतर लक्षात आले.) आपल्याकडची माणसे वरून सडपातळ दिसली तरी शरीरात चरबीचे प्रमाण जास्त आणि स्नायूंचे कमी असते, आणि याचे मूळ आईच्या पोटात असतानाच्या वाढीपर्यंत जाते, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे संशोधन करून जगापुढे मांडले आहे. ते मी पुष्कळ उशिरा वाचले.

माझे डॉक्टर म्हणजे माझाच एक जुना विद्यार्थी. हुशार, मनमिळाऊ. तपासणी फी घ्यायला मोठ्या मुश्किलीने तयार होणारा. तीन-चार महिन्यांनी मी लॅबमध्ये रक्त देई, लॅबचा मुलगा रिपोर्ट परस्पर दवाखान्यात पोहोचवी, आणि संध्याकाळी मी जाऊन बसे. तो पाकीट उघडी, वरून खालपर्यंत नजर फिरवी आणि म्हणे, "सर, एकशे बेचाळीस. ठीक आहे. भात जरा कमी करा." मग गोष्टी निघत शाळेच्या. पाकीट ड्रॉवरमध्ये जाई, मी घरी येई. सौ. विचारी, "काय म्हणाला डॉक्टर?" मी म्हणे, "ठीक आहे म्हणाला."

२०१९ च्या फेब्रुवारीत एका सकाळी शब्दकोडे सोडवायला बसलो, तर चौकोनांच्या रेघा मध्येच वाकड्या दिसू लागल्या. वाटले, छपाई बिघडली असावी. चष्मा पुसला. एक डोळा झाकून पाहिला, दुसरा झाकून पाहिला. उजव्या डोळ्याला रेघा सरळ, डाव्याला पाण्यात पडल्यासारख्या. दोन आठवडे तसेच काढले आणि मग एस.टी.ने सोलापूरला नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत अर्धा तास बसवून ठेवले आणि आत पाहिले. डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सूज होती, दोन्ही डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके होते. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, "गुरुजी, गेल्या तीन वर्षांत तुमचे एचबीएवनसी किती किती होते?"

मला एकही आकडा सांगता आला नाही. पाढे तीसपर्यंत पाठ असलेला माणूस मी!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. कंपाउंडरने लोखंडी कपाटातून माझा गठ्ठा काढून दिला आणि मी बाकावर बसून पेन्सिलीने कागदावर उतरवून घेतले. उपाशीपोटी साखर बहुतेक वेळा १३५ ते १५०. एचबीएवनसी मात्र २०१६ मध्ये ८.४, २०१७ मध्ये ८.९, २०१८ मध्ये ९.३. जेवणानंतरची साखर कुठेच नाही. लघवीतील अल्ब्युमिन एकदाच, २०१८ साली तपासलेले, ११८. त्याभोवती कोणीतरी लाल शाईने गोल केला होता.

मला राग आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. तो आल्यावर मी केबिनमध्ये गेलो, कागद समोर ठेवला आणि म्हटले, "अरे, हे मला सांगायचे नाही का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने माझाच जुना केसपेपर काढून दाखवला. २०१६ च्या जूनमध्ये त्याने लिहून ठेवले होते, इन्सुलिन सुचवले, रुग्ण तयार नाही. "सर, तुम्ही म्हणाला होता, इन्सुलिनचं नाव पुन्हा काढशील तर मी आयुर्वेदाकडे जाईन. मला वाटलं, निदान गोळ्या तरी चालू राहतील. आणि तुम्हाला आकडे सांगून घाबरवायची माझी हिंमत नाही झाली." मला ते बोलणे मुळीच आठवत नव्हते. पण अक्षर त्याचे होते आणि ते शब्द माझ्या तोंडी शोभण्यासारखे होते.

डोळ्याच्या आत इंजेक्शने घ्यावी लागली. ऐकायला भयंकर वाटते, प्रत्यक्षात थेंब घालून बधिर केल्यावर टोचल्याचे फारसे कळत नाही. सूज उतरली, नजर आणखी जाण्याचे थांबले. पण जे गेले ते सगळे परत आले नाही. त्या वर्षी मी इन्सुलिनही सुरू केले. रात्री दहा युनिट. ज्याला दहा वर्षे घाबरलो ती सुई मुंगी चावल्याएवढीही दुखत नाही.

आता जे मी त्या बाकावर बसून आणि नंतर विचारत, वाचत शिकलो, ते सांगतो. उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या दिवशीच्या त्या एका क्षणाचा फोटो. आपण फोटोला जाताना केस विंचरून जातो, तसा मी तपासणीआधी तीन दिवस भात, बटाटा, चहातील साखर बंद करून फक्त ज्वारीची भाकरी आणि मेथी खात असे. साहजिकच आकडा बरा येई. त्यातच जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायला लॅबमध्ये जायचा मला कंटाळा. त्यामुळे माझ्या साखरेची दुपार कशी जाते, हे कोणालाच कळत नव्हते. (आणि हे दोन तास जेवायला सुरुवात केल्यापासून मोजायचे असतात, हात धुतल्यापासून नव्हे.)

एचबीएवनसीचे तसे नाही. रक्तातील तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते, आणि तांबडी पेशी साधारण चार महिने जगते. त्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजले, की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी समजते. तीन दिवसांच्या मेथीने तिला फसवता येत नाही. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. माझे ९.३ म्हणजे सरासरी २२० च्या आसपास झाले. आणि मी तीन वर्षे "एकशे बेचाळीस, ठीक आहे" या समाधानात होतो.

एकेका टक्क्याला एवढे महत्त्व का, असे वाटेल. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या पाच हजारांवर मधुमेहींचा अभ्यास वीस वर्षे चालला होता. त्याचे निष्कर्ष १९९८ पासून प्रसिद्ध होत गेले. एचबीएवनसी एका टक्क्याने कमी असले, तर डोळे, मूत्रपिंड यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अवयवांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी आढळतात, असे त्यातून २००० साली दिसून आले. परीक्षेत एका गुणासाठी भांडणारी मुले मी पाहिली आहेत. येथे भांडण्याजोगा गुण आहे.

रिपोर्टवर उजव्या बाजूला 'नॉर्मल'चा रकाना छापलेला असतो. तो निरोगी माणसांसाठी. त्यापुढे जाड अक्षरात किंवा चांदणी लावून आलेला प्रत्येक आकडा पाहून मधुमेह्याने हाय खाऊ नये. निदानासाठी ६.५ ही रेषा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती २०११ साली मान्य केली. पण एकदा मधुमेह असल्यावर बहुतेकांना ७ च्या आत राहावे असे सांगतात, आणि वय झालेल्या, हृदयाचा वा किडनीचा विकार असलेल्या किंवा साखर एकदम उतरण्याचा धोका असलेल्या माणसाला ८ पर्यंतही चालते. म्हणून विचारायचा प्रश्न "नॉर्मल आहे का?" हा नसून "डॉक्टर, माझ्यासाठी किती हवे?" हा आहे. माझ्यासाठी साडेसातच्या आत असे ठरले आहे.

तो लाल गोलातला ११८ काय होता, तेही सांगतो. मूत्रपिंडाची गाळणी झिजू लागली, की लघवीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन पाझरू लागते. ते क्रिएटिनिनच्या प्रमाणात मोजतात. ३० च्या आत असावे. येथे एक मोठी फसगत होते. रक्तातील क्रिएटिनिन ठीक आले, की आपण म्हणतो किडनी उत्तम. पण हा पाझर क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो, आणि औषधे, रक्तदाब व साखर यांनी त्याला आवर घालण्याची वेळही तीच असते. ताप असताना किंवा लघवीला जंतुसंसर्ग असताना हा आकडा उगाच वाढून येतो, त्यामुळे एका रिपोर्टवर निर्णय न घेता काही महिन्यांत पुन्हा तपासतात. माझे पुन्हा तपासलेच गेले नव्हते.

डोळ्यांच्या बाबतीत तर मी स्वतःला शहाणा समजत होतो. दर दोन वर्षांनी चष्म्याचा नंबर काढीत होतो ना! पण चष्म्याचा नंबर तपासणे निराळे आणि थेंब घालून पडदा तपासणे निराळे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे आपल्याकडे पन्नाशीच्या आसपास सर्रास आढळतो त्यात, पडद्याची तपासणी निदान झाले त्याच वर्षी आणि पुढे साधारण दरवर्षी करायची असते. कारण निदान होईपर्यंत आजार अंगात कित्येक वर्षे मुरलेला असू शकतो. माझी पहिली तपासणी दहाव्या वर्षी झाली, तीही रेघा वाकड्या झाल्यावर.

आकडे हाती आले म्हणजे सगळे समजले, असेही नाही. आमच्या शेजारच्या वहिनींना एचबीएवनसी ६.९ आले आणि घरात रडारड झाली. माझी ख्याती एव्हाना गल्लीत पसरली होती, म्हणून त्या कागद घेऊन आल्या. त्याच कागदावर खाली हिमोग्लोबिन ८.२ होते. मी डॉक्टर नव्हे, पण अंगात लोह कमी असले तर एचबीएवनसी खोटेच वाढून येऊ शकते, हे माझ्या वाचनात आले होते. म्हटले, "वहिनी, हे खालचे डॉक्टरांना दाखवा आणि साधी साखर तपासून घ्या." साखर नॉर्मल निघाली, त्यांना लोहाच्या गोळ्या मिळाल्या. उलट रक्तस्राव झाला असेल, नुकतेच रक्त चढवले असेल, किंवा विदर्भ, नंदुरबार भागात आढळतो तो सिकलसेल आजार असेल, तर हीच चाचणी वेगळीच दिशाभूल करते.

रक्ताच्या नळीचीही एक गंमत आहे. गंमत कसली, घोटाळाच. काढलेले रक्त तसेच राहिले तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात, आणि तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होत जाते. साखरेसाठी करड्या टोपणाची, फ्लोराइड घातलेली नळी त्यासाठीच वापरतात; तरीसुद्धा रक्त लवकर तपासलेले बरे. छोट्या गावात रक्त घेऊन दुपारच्या गाडीने शहरात पाठवणारी केंद्रे असतात. "इथेच तपासता की बाहेर पाठवता?" एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

घरच्या ग्लुकोमीटरचेही तसेच. एका मे महिन्यात दुपारी बोट टोचले तर २९०! घाम फुटला. सौ. म्हणाली, "अहो, आत्ता आंबे चिरत होतात ना?" साबणाने हात धुऊन पुन्हा टोचले, १७१. आंबा बोटाला होता. (थोडा पोटातही होता, हे तिला सांगितले नाही.) शिवाय चांगले यंत्रही लॅबच्या आकड्यापेक्षा पंधरा टक्के इकडेतिकडे दाखवू शकते, तेव्हा १६० चे १७२ झाले म्हणून रात्रीची झोप घालवू नये. पट्ट्यांची मुदत तेवढी बाटलीवर पाहावी.

लंडनला असलेल्या माझ्या भाच्याने मध्यंतरी फोनवर सांगितले, "मामा, माझी उपाशीपोटी साखर सात आली." मी म्हटले, सात असती तर तू बोलत नसतास! तिकडचे एकक वेगळे. त्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. सात म्हणजे १२६, मधुमेहाची सीमारेषा. तो हसत होता, मी त्याला तिथल्या डॉक्टरांकडे पिटाळले.

आता कागद जपण्याबद्दल. बाह्यरुग्ण म्हणून आपण जातो, तेव्हाचे कागद दवाखाना कायम सांभाळील या भरवशावर राहू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आंतररुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे ठेवावीत आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत असे आहे. म्हणजे इस्पितळातून घरी येताना डिस्चार्ज कार्डाबरोबर सगळ्या तपासण्यांच्या प्रती मागून घ्याव्यात. त्यात ओशाळण्याचे कारण नाही. बाहेरच्या तपासण्यांचा मूळ कागद मात्र आपल्याच घरी असावा, डॉक्टरांना हवी तर प्रत द्यावी. हल्ली लॅबवाले व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट पाठवतात. सोय आहे, पण माझ्या मित्राचा मोबाईल देवळाच्या गर्दीत गेला आणि त्याबरोबर सहा वर्षांची साखर गेली. छापून घ्यावे.

मी दोनशे पानी वही केली आहे. आडव्या ओळीत तारीख. उभ्या रकान्यांत उपाशीपोटी, जेवणानंतर, एचबीएवनसी, रक्तदाब, वजन, क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन, डोळे, पाय. पायांच्या रकान्यात, डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवला तेव्हा कळले की नाही, ते लिहितो. पायांना मुंग्या येत होत्या म्हणून २०२१ मध्ये बी-ट्वेल्व्ह तपासले, ते फारच कमी निघाले. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेतली की ते घटू शकते, आणि मी तर शाकाहारी. इंजेक्शनांनी मुंग्या पुष्कळ कमी झाल्या. नाही तर "साखरेमुळेच असेल" म्हणून तेही तसेच राहिले असते.

डॉक्टरांकडे जाताना वहीच्या शेवटच्या पानावर दोन-तीन प्रश्न लिहून नेतो. जास्त नाही, बाहेर पंचवीस माणसे ताटकळत असतात आणि त्याचाही जीव मेटाकुटीला येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मागच्या वेळेपेक्षा काय बदलले?" दुसरा, "त्यासाठी आता काय करायचे?" सुरुवातीला त्याला अवघड वाटले. मलाही वाटले. आपल्याकडे डॉक्टरांना विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे अशी समजूत आहे. आणि आमच्या बाबतीत तर गुरूला शिष्याने सांगायचे आणि गुरूने ऐकायचे, असा उलटा कारभार. पण एके दिवशी तोच म्हणाला, "सर, तुमची वही पाहिली की मला पाच मिनिटं कमी लागतात." आता दवाखान्याच्या बाकावर वही घेऊन बसणारे आणखी तिघे-चौघे दिसतात. त्यातल्या एकाची वही तर माझ्यापेक्षा नीट आहे, दोन रंगांच्या शाईत.

माझे मागचे एचबीएवनसी ७.३ होते, अल्ब्युमिन ४१. डोळा आहे तसा आहे. शब्दकोडे मी उजव्या डोळ्याने सोडवतो आणि उभ्या शब्दांना जरा वेळ लागतो.

उद्या सकाळी पुन्हा रक्त द्यायचे आहे. या वेळी दोन्ही वेळचे. गेले तीन दिवस नेहमीचेच जेवण चालू आहे. काल भाचीच्या डोहाळजेवणात अर्धी पुरणपोळी खाल्ली, तीही वहीत लिहिली आहे. सकाळी सवयीने चहा पिऊन जाऊ नये म्हणून सौ.ने चहाचे पातेले आत्ताच माळ्यावर ठेवून दिले आहे.